लॉर्ड रे यांचे हुजुरास, एका खाटेच्या मामल्यासंबंधी

मुक्काम रे रोड, मुंबई

राजमान्य राजश्री डोनाल्ड जेम्स मॅके ऊर्फ लॉर्ड रे, माजी गव्हर्नर, इलाखा मुंबई, यांचे हुजुरास अर्जदाराचा कृतानेक सलाम, विनंती विशेष.

आपण १९२१ सालीच कैलासवासी, किंवा आपल्या धर्मास जो कोणता वास मान्य असेल त्याचे वासी, झालात हे अर्जदारास ठाऊक आहे. तथापि हयात अंमलदारांकडे धाडलेल्या अर्जांवर जी कार्यवाही होते तीहून कमी कार्यवाही आपल्या हातून होणे अशक्य असल्यामुळे, आणि उत्तर न देण्यास आपणांपाशी निदान एक सबळ कारण असल्यामुळे, हा खलिता आपल्याच नावे रवाना करणे अर्जदारास अधिक न्याय्य वाटले. शिवाय आपला या प्रकरणाशी संबंध नाही असेही नाही. १८८५ ते १८९० या काळात गव्हर्नर या नात्याने आपण मुंबई विद्यापीठाचे कुलपती होता. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव म्हणून १८८७ साली जी तांत्रिक शिक्षणाची संस्था येथून जवळच भायखळ्यास निघाली आणि १९२३ साली माटुंग्यास गेली, तिच्या उभारणीत आपण जातीने लक्ष घातले होते. आणि विलायतेस परतल्यावरही लंडनच्या स्कूल बोर्डाचे अध्यक्षपद आपण सांभाळले. शिक्षणाची एवढी आस्था असलेल्या पुरुषाचे नाव मात्र या शहराने अशा रस्त्यास दिले, की जेथे लाकडास बंदर आहे, कोळशास बंदर आहे, मोडीत निघालेल्या आगबोटीस दारुखान्याचा आसरा आहे, आणि विद्यार्थ्यास एक खाट मिळविताना नाकी नऊ येतात.

अर्जदाराचा पुतण्या संगमेश्वर तालुक्यातून बारावीची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन मध्य मुंबईतल्या एका महाविद्यालयात प्रथम वर्षास दाखल झाला आहे. प्रवेशासोबत वसतिगृहाचा अर्जही भरावयाचा होता. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि रॅगिंग करणार नाही अशी एक विद्यार्थ्याची व एक पालकाची मिळून दोन प्रतिज्ञापत्रे, इतका दप्तराचा भाग अर्जदारासारख्या जन्मभर कारकुनी केलेल्या माणसास परिचयाचाच होता. परंतु त्यापुढे एक पुरवणी होती, तीत उमेदवारास कसा सोबती हवा (पुतण्याच्या भाषेत रूम पार्टनर), हे विचारले होते. आपण लवकर निजता की उशिरा? अभ्यास शांततेत करता की संगीत ऐकत? स्वभावाने एकांतप्रिय की मनमिळाऊ? शाकाहारी की मांसाहारी? साहेब, आमच्या घराण्यात एवढी चौकशी स्थळ पाहतानाही कोणी केली नाही. पुतण्याने ती पुरवणी तीन दिवस पुढ्यात घेऊन, मित्रांचा सल्ला घेऊन, स्वतःचे असे एक चरित्र तीत रेखाटले, की ते वाचून त्याच्या जन्मदात्रीनेही हा कोण म्हणून विचारावे: पहाटे उठणारा, मितभाषी, टापटिपीचा, आणि शाकाहारी. शेवटच्या कलमाविषयी अर्जदाराने भुवई उंचावली, तेव्हा “काका, शाकाहारी मुलांचा मजला स्वच्छ असतो” असा खुलासा झाला. एवढे झाल्यावर पुरवणीच्या तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, खोल्यांचे वाटप उपलब्धतेनुसार होईल व त्याबाबत कोणतीही तक्रार विचारात घेतली जाणार नाही, असे नमूद केलेले आढळले.

निवड करण्याचा हक्क बहाल करावा आणि निवडण्याजोगी वस्तू मात्र हाती ठेवू नये, हा राज्यकारभाराचा शिरस्ता आपणांस नवा नसेल. अर्जदारास तो या क्षेत्रात नवा वाटला, कारण त्याच्या उमेदीच्या काळी सोबत्याची निवड आपण करावयाची असते ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात शिरली नव्हती. घोडपदेवच्या एका चाळीत आमच्या गावकीची खोली होती. गावातून जो कोणी तरुण पोटासाठी मुंबईची वाट धरी, त्याची पत्र्याची ट्रंक त्या खोलीतल्या फळीवर चढे, भिंतीवरल्या खुंट्यांपैकी एक खुंटी त्याची होई, आणि महिन्याची वर्गणी व खानावळीचे पैसे भागवले की त्याचा नागरिकत्वाचा हक्क सिद्ध होई. पहिल्या पाळीचा गिरणीकामगार पहाटे उठून गेला, की रात्रपाळीचा येऊन त्याच सतरंजीवर, तिची ऊब निवण्यापूर्वी, अंग टाकी. बाकीच्यांनी गॅलरीत, जिन्याच्या वळणावर, पावसाळा नसेल तर फुटपाथवर वळकटी उलगडावी. अर्जदाराने आपला अभ्यास त्या खोलीत दिवसपाळी आणि रात्रपाळी यांच्या सांध्यावर केला. पलीकडे माझगावात आणि धोबीतलावास गोव्याच्या खलाशांच्या कूड, म्हणजे त्यांच्या गावकीच्या खोल्या, होत्या. तेथेही हाच न्याय, फक्त आमच्याकडे गणपतीची तसबीर आणि त्यांच्याकडे गावच्या संताची वेदी, पुढे रात्रीची प्रार्थना. घोरणारा, विडी ओढणारा, पत्र वाचून घेण्यासाठी झोपेतून उठविणारा, कसलाही असो, सोबती गावाने नेमून दिलेला असे, आणि त्याच्याविरुद्ध अपील गावातच करावे लागे.

मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा अर्जदाराचा इरादा नाही. गावकीच्या खोलीत गाव येई तसा गावातला वाडाही येई, आणि कोणत्या वाड्यातल्या माणसाची ट्रंक फळीवर चढणार नाही हे न बोलता ठरलेले असे. सोबती कोण असावा हा प्रश्न आमच्या देशात निजण्याच्या वेळेचा कधी नव्हताच. कोल्हापुरास छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि मागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली, ती सर्वांना एकाच छपराखाली शिरू देण्यास समाज राजी नव्हता म्हणून. निदान स्वतंत्र छप्पर मिळाले तर पोरे शिकतील, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्याच्या समारंभास जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी गेला आणि परतल्यावर, जेवणापूर्वी स्नान करून शुद्ध होण्याचा हुकूम त्याने मोडला. परिणामी त्याचा बाडबिस्तरा बाहेर निघाला. हाच विद्यार्थी पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून प्रसिद्धीस आला, आणि १९२४ साली साताऱ्यास त्याने जे बोर्डिंग काढले त्यात सर्व जातींची मुले एकाच खोलीत निजत, एकाच पंगतीस जेवत, आणि स्वयंपाकही मिळून करीत. तिजोरी रिकामी झाली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मुलांच्या धान्यासाठी मोडले. त्या मुलांकडून कोणी पुरवणी भरून घेतल्याचे ऐकिवात नाही.

म्हणून साहेब, शाकाहारी की मांसाहारी हे तीन शब्द पुरवणीत किती निरुपद्रवी दिसतात ते पाहून अर्जदारास मौज वाटते. या शहरात भाड्याची जागा शोधणारास नाव, मग आडनाव, मग “खाण्यापिण्याचे कसे?” अशा पायऱ्यांनी विचारणा होते, आणि तिसऱ्या पायरीवर ज्याची पंचाईत होते त्याला पहिल्या दोन पायऱ्यांचे उत्तर आपोआप मिळते. जात विचारणे असभ्य झाले, तेव्हा तिला ताटातून वाढण्याची सोय झाली. येथून हार्बरच्या गाडीने तीन स्थानके पुढे, वडाळ्यास, सिद्धार्थ विहार नावाचे वसतिगृह नावारूपास आले. दलित पँथरच्या तरुणांची उठबस तेथे होती. ज्यांना इतर बिऱ्हाडांची दारे तिसऱ्याच पायरीवर मिटली, त्यांनी एका वसतिगृहाच्या खोल्यांत काय करून दाखविले, याची नोंद महाराष्ट्राच्या वाङ्मयाच्या इतिहासातही आहे.

सरकार स्वस्थ बसले आहे असा आपला गैरसमज होऊ नये. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तीत मुंबईसाठी वर्षाला साठ हजार रुपये ठरविण्यात आले, पैकी भोजनाचे ३२,०००, निर्वाहाचे ८,००० आणि निवासाचे २०,०००. वीस हजारांस बारांनी भागिले असता महिन्याला सोळाशे सहासष्ट रुपये आणि काही पैसे येतात. या रकमेत मुंबईत कोठे राहता येईल याचा शोध घेणारी समिती नेमल्याचे अर्जदाराच्या वाचनात नाही. दलालाची एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली आणि घरमालकाचे डिपॉझिट हे हिशेबात धरलेलेच नाहीत.

दलालावरून आठवले. १८८८ साली आपण आपल्याच अंमलदाराची, क्रॉफर्ड साहेबाची, चौकशी बसविलीत, आणि नेमणुकीसाठी, बदलीसाठी मधल्या हस्तकामार्फत पैसे मोजल्याच्या कबुल्या मामलेदारांनी दिल्या. लाच शाबीत झाली नाही, तरी साहेबाची नोकरी गेली. आज त्याच्या नावाच्या मंडईस महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव देऊनही लोकांच्या तोंडून क्रॉफर्ड जात नाही, आणि चौकशी बसविणाऱ्या आपल्या वाट्यास भंगाराच्या वखारी आल्या. कीर्तीचे वाटपही उपलब्धतेनुसारच होते म्हणावयाचे.

तरी अर्जदाराची दरखास्त अल्प आहे. विद्यापीठाच्या दप्तरात आपली ओळख उरली असल्यास त्या पुरवणीत काही कलमे घालावीत: आपणांस ताप आला असता शेजारच्या खाटेवरील इसम मेसमधून पेज आणील काय, घरून पैसे येण्यास विलंब झाल्यास तो न मागता शंभराची नोट काढील काय, आणि पावसाळ्यात दोरीची वाळकी बाजू सोडील काय. या प्रश्नांची उत्तरे स्वतःविषयीसुद्धा कोणास आगाऊ देता येत नाहीत, ही अडचण अर्जदारास मान्य आहे.

दुसऱ्या यादीत पुतण्यास खाट मिळाली. सोबती लातूरकडचा असून, रात्री दोनपर्यंत मोठ्याने पाठांतर करणारा, अखंड बोलका, आणि खरोखरीचा शाकाहारी आहे. उभयतांत पंख्याची गती व दिवा मालविण्याची वेळ याविषयी तहनामा झाला. सर्व सुरळीत चालले असता पुतण्याच्या ट्रंकेतून, आईने कपड्यांखाली लपविलेला सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, डबा आपल्या सुगंधासह प्रकट झाला. लातूरकराने तक्रार रेक्टरकडे न नेता, डबा खोलीबाहेर राहावा व खाडाखोड करून पुरवणी दुरुस्त व्हावी, एवढीच अट घातली. पुरवणी दुरुस्त होत नसते, असे कचेरीतून कळले. डबा तूर्त अर्जदाराच्या घरी अनामत असून, त्यातील निम्मे सोडे वांग्यांबरोबर खर्ची पडले आहेत. पुतण्यास हे इतक्यात कळविण्याचे कारण नाही.

आपला आज्ञाधारक,
एक पालक