आडवे होण्याचे अर्थशास्त्र

मनुष्यप्राणी आयुष्याचा सुमारे तिसरा भाग आडवा पडून काढतो आणि त्यासाठी त्याला चटई, सतरंजी किंवा फार तर गादी एवढाच खर्च पुरतो, हे जमिनीवरचे सत्य ३५,००० फुटांवर लागू पडत नाही. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारे विमान सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचे अंतर पंधरा-सोळा तासांत कापते; एवढा वेळ बसून काढण्याचे जाऊन-येऊन भाडे हंगामानुसार लाख-सव्वा लाख रुपये पडत असेल, तर तेवढाच वेळ पाय पसरून काढण्याचे भाडे सहज चार लाखांच्या घरात जाते, आणि नाताळच्या किंवा उन्हाळी सुट्टीत त्या घराला आणखी एक मजला चढतो. या दोन आकड्यांची वजाबाकी केली आणि जाण्यायेण्याचे मिळून तीस तास धरले, तर पाठ टेकण्याचा दर ताशी दहा हजार रुपये येतो. ज्या वर्गाच्या तिकिटावर हा दर आकारला जातो त्याला बिझनेस क्लास म्हणतात, आणि त्याचे भाडे एवढे का, असे विचारले असता तज्ज्ञ आणि अतज्ज्ञ दोघेही ‘सुखसोयी’ असे उत्तर देऊन मोकळे होतात. हे उत्तर अगदीच खोटे नसले तरी लंगडे आहे, असे दाखवण्याचा हेतू प्रस्तुत विवेचनामागे आहे.

मुळात या वर्गाचा जन्म सुखसोयीतून नव्हे, कुरकुरीतून झाला. १९७० च्या दशकात जम्बो जेट विमाने आली, त्यांतल्या शेकडो खुर्च्या भरणे कंपन्यांना भाग पडले आणि महिना-दीड महिना आधी पैसे भरणाऱ्यांना सवलतीची तिकिटे मिळू लागली. परिणाम असा झाला की कचेरीच्या कामासाठी आदल्या दिवशी पूर्ण भाडे मोजून निघालेला अधिकारी आणि निम्म्या भाड्यात सहलीला निघालेले कुटुंब कोपराला कोपर लावून बसले, आणि त्या कुटुंबातील धाकट्याने अधिकाऱ्याच्या फाइलवर संत्र्याचा रस सांडला तरी दोघांचा दर्जा एकच राहिला. पूर्ण भाडे देणाऱ्यांची तक्रार वाढली तेव्हा त्या दशकाच्या अखेरीस कंपन्यांनी पहिल्या वर्गाच्या मागे काही रांगा वेगळ्या काढून मध्ये एक पडदा सोडला. ऑस्ट्रेलियाची क्वांटास कंपनी १९७९ चा दाखला देऊन या वर्गाचे जनकत्व स्वतःकडे घेते. पडद्यापलीकडची खुर्ची सुरुवातीला अलीकडच्या खुर्चीहून फारशी वेगळी नव्हती, म्हणजे विक्रीस आला तो प्रथम पडदा, आणि खुर्ची त्यामागून आली, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

खुर्चीचा पूर्ण सपाट पलंग व्हायला २००० साल उजाडावे लागले. त्या वर्षी ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये तसे पलंग आणले आणि मग जगातील यच्चयावत विमान कंपन्यांना प्रवाशांच्या झोपेची काळजी लागून त्यांची स्वतःची झोप उडाली. विमानातला पलंग म्हणजे सुताराकडे टाकण्याचे काम नव्हे. खुर्ची जमिनीत घट्ट बसवून, धक्का बसल्यास गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट जोर ती सोसेल अशी चाचणी द्यावी लागते, आणि तीत बसवलेला पुतळा डोके कोठे आपटतो याचेही मोजमाप होते. आसनामागची रिकामी जागा पलंगासाठी कशी वापरावी, या मुद्द्यावर व्हर्जिन अटलांटिक ही कंपनी आणि एक आसननिर्माता यांच्यात चाललेला पेटंटचा, म्हणजे शोधाच्या एकाधिकाराचा, वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ४ कोटी ९० लाख पौंडांहून अधिक भरपाईची ती मागणी होती आणि २०१३ मध्ये निकाल आसननिर्मात्याच्या बाजूने लागला. कोणी कोठे पाय पसरावेत, या विषयावर आपल्याकडील चाळींतही इतका खर्चिक वाद झाल्याची नोंद नाही.

आता जागेचा हिशेब मांडला पाहिजे. बोइंग ७७७ जातीच्या विमानात मागच्या भागात, म्हणजे इकॉनॉमीत, बहुतेक कंपन्या एका ओळीत दहा खुर्च्या बसवतात. त्याच रुंदीत बिझनेस क्लासच्या चारच मावतात. मागे एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंतचे अंतर ३१-३२ इंच असते, तर पुढे साडेसहा फुटांचा पलंग उलगडावा लागतो, पण एकाचे पाय त्याच्या पुढच्याच्या कोपराखाली सरकवण्याची युक्ती केल्यामुळे थोडी जागा वाचते. जागतिक बँकेच्या २०१३ च्या एका अभ्यासलेखात बिझनेस क्लासच्या प्रवाशामागे इकॉनॉमीच्या सुमारे तिप्पट कार्बन उत्सर्जन धरले आहे, आणि त्यामागचे मुख्य कारण त्याने अडवलेली जागा हेच आहे. जागा तिप्पट, तर भाडे तिप्पट-साडेतिप्पट, असा सरळ व्यवहार मानून हा लेख येथेच संपवायला हरकत नव्हती. तथापि आंतरराष्ट्रीय विमान कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे आयाटाने, महासाथीपूर्वी दिलेल्या आकड्यांनुसार पहिला वर्ग आणि बिझनेस क्लास मिळून प्रवासी शंभरात जेमतेम पाच-सहा असतात, मात्र आंतरराष्ट्रीय भाड्याच्या उत्पन्नात त्यांचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास भरतो. म्हणजे जागा तिप्पट आणि वसुली पाचपटीहून अधिक. मधल्या फरकाला चौरस फुटांत मोजता येत नाही.

सरकारला मात्र सर्व काही फुटांत आणि इंचांत मोजता येते. ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानप्रवाशांवर तेथील सरकार जो कर घेते, त्याचा कमी दर लागू होण्यासाठी प्रवासी सर्वांत खालच्या वर्गात बसलेला असला पाहिजे आणि दोन खुर्च्यांमधले अंतर १.०१६ मीटर, म्हणजे चाळीस इंच, याहून जास्त असता कामा नये. त्यापुढे गुडघ्याला मोकळीक मिळाली की कर दुपटीहून अधिक होतो. गुडघ्यावर कर बसवण्याची ही कल्पना औरंगजेबालाही सुचली नव्हती. भारताने टेप न लावता वर्गावरच बोट ठेवले असून, २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के वस्तू व सेवा कर कायम राहिला आणि त्यावरच्या वर्गांचा १२ वरून १८ टक्क्यांवर गेला.

मग हे पाचपट पैसे देतो कोण? बहुतेक वेळा जो झोपतो तो देत नाही. बिझनेस क्लासच्या व्यवहारात निर्णय घेणारा एक, पैसे भरणारी दुसरी आणि उपभोग घेणारा पुन्हा पहिला, अशी रचना असते. यातील दुसरी म्हणजे त्याला पगार देणारी कंपनी. प्रवासाचे मैल मात्र झोपणाऱ्याच्या खाजगी खात्यात जमा होतात. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये सुरू केलेल्या मैलांच्या योजनेचे, आणि पाठोपाठ निघालेल्या तिच्या भावंडांचे, मर्म हेच की कंपनीच्या पैशाने प्रवास करणाऱ्याला महाग तिकीट घेण्यात कौटुंबिक फायदा दिसावा. दुसऱ्याच्या खिशातून पैसे जाणार असतील तर किंमत कितीही चढवता येते, एवढे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, पण तो खिसा दुसऱ्याचा आहे की स्वतःचा हे विक्रेत्याला कसे कळावे, यासाठी मात्र लागते. अमेरिकी विमान कंपन्यांनी यावर जो तोडगा काढला त्याला दाद दिलीच पाहिजे: सवलतीचे तिकीट हवे असेल तर शनिवारची रात्र परगावीच काढली पाहिजे, अशी त्यांनी अट घातली. कामाला गेलेला माणूस शुक्रवारी संध्याकाळी घर गाठतो आणि मौजेला गेलेला शनिवार-रविवार हातचा घालवत नाही. तेव्हा एका रात्रीच्या अटीने, कोणालाही चारचौघांत काही न विचारता, दोघांची विभागणी झाली. गिऱ्हाइकाची ऐपत ओळखून एकाच प्रवासाचे वेगवेगळे मोल घेण्याच्या या पद्धतीला मूल्यभेद असे म्हणतात.

मूल्यभेदाची गोम मात्र विमानाच्या शोधापूर्वीच एका फ्रेंच अभियंत्याने उघड करून ठेवली होती. रस्ते आणि पूल खात्यात काम करणाऱ्या ज्यूल द्यूप्वी याने १८४९ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर का नसते, याचा विचार केला. छपराचा खर्च कंपनीला जड नव्हता आणि गरिबांविषयी तिला आकसही नव्हता. दुसऱ्या वर्गाचे भाडे ज्याला परवडते त्याने पावसाच्या भीतीने तिसऱ्या वर्गात शिरू नये, एवढाच तिचा हेतू होता, आणि भिजत मात्र होता तो गरीब, असा त्याचा निष्कर्ष आहे. इकॉनॉमीतली ३१ इंचांची अडचण, मधल्या खुर्चीतल्या माणसाच्या दोन्ही कोपरांचा प्रश्न आणि टेकून बसू पाहणाऱ्या पुढच्या गृहस्थाची पाठ थेट मागच्याच्या जेवणाच्या ताटात येणे, या सर्वांकडे द्यूप्वीच्या नजरेने पाहिले की त्या उणिवा न वाटता काळजीपूर्वक जोपासलेल्या वस्तू वाटू लागतात. बिझनेस क्लासचा प्रवासी स्वतःच्या पलंगाचे पैसे देतो हे खरेच, परंतु त्याहून अधिक पैसे तो मागच्या खुर्चीत न बसण्याचे देतो. आणि म्हणूनच विमानात चढताना त्या खुर्च्या दुरून का होईना त्याला दिसत राहणे, व त्या खुर्च्यांकडे जाणाऱ्यांना त्याचा पलंग जवळून दिसणे, हे दोन्ही व्यवहाराला पोषक ठरते.

याचा व्यत्यासही उपलब्ध आहे. केवळ बिझनेस क्लासच असलेल्या, मागे इकॉनॉमीच नसलेल्या, अशा तीन कंपन्या या शतकाच्या पहिल्या दशकात अटलांटिक महासागरावरून उडू लागल्या. त्यांपैकी मॅक्सजेट डिसेंबर २००७ मध्ये, ईऑस एप्रिल २००८ मध्ये आणि सिल्व्हरजेट त्यानंतरच्या महिन्यात बंद पडली. इंधनाचे भडकलेले दर हे त्याचे अधिकृत कारण आहे आणि ते नाकारण्याचे प्रयोजन नाही. पण ज्या विमानात पडदाच नाही त्यात पडद्यापुढे बसल्याचे समाधान कोठून यावे, ही शंका उरतेच. ला कॉम्पानी नावाची फ्रेंच कंपनी तसाच प्रयोग २०१४ पासून टिकवून आहे, तेव्हा सिद्धान्ताला अपवाद मिळाला असे म्हणून पुढे जावे.

छपराच्या प्रश्नाला उलटे उत्तर देणारा माणूस कोकणाने निवडून दिला होता, हेही येथे नोंदवले पाहिजे. राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गातील लाकडी बाकांवर दोन इंच फोम चढवला. वरच्या वर्गाला खाली ओढायचे नसून खालच्याला वर आणायचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर निघालेली गीतांजली एक्सप्रेस तर वर्गभेदाशिवायच धावली. कोणत्याही विमान कंपनीच्या संचालक मंडळासमोर या दोन इंचांचा प्रस्ताव मांडला, तर खर्च फोमचा किती हे कोणी विचारणार नाही, पुढची किती गिऱ्हाइके मागे सरकतील हे विचारले जाईल.

जेवणाच्या बाबतीत तर पैशाचे चीज होणे निसर्गालाच मंजूर नाही. विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका ठेवलेला असतो आणि हवेतील ओलावा वाळवंटाला शोभेल इतका कमी असतो, त्यामुळे नाक कोरडे पडून मीठ आणि साखर या दोन्ही चवी मंदावतात. लुफ्तान्साने जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेकडून २०१० च्या सुमारास याचा अभ्यास करून घेतला, तो विमानात टोमॅटोचा रस इतका का खपतो या कोड्यापायी, आणि उत्तर असे निघाले की जमिनीवर मातकट लागणारा तो रस वर गेल्यावर गोडसर व ताजा लागतो. म्हणजे नामांकित बल्लवाचार्यांनी सिद्ध केलेले पदार्थ वर जाताना चव गमावतात आणि जे एकमेव पेय चव कमावते ते पडद्यामागेही फुकट मिळते.

या सर्व शास्त्राची खरी कसोटी लागते ती मराठी मध्यमवर्गाच्या संपर्कात. न्यू जर्सीतला किंवा कॅलिफोर्नियातला मुलगा साठवलेल्या मैलांतून आईवडिलांना एकदा तरी बिझनेस क्लासने आणतो, आणि तिकिटाची किंमत त्यांच्यापासून लपवतो; ती पुढे शेजारच्या बाईंकडून कळतेच. त्यानंतर उद्भवतो तो वसुलीचा पेच. ज्या निद्रेसाठी ताशी दहा हजार मोजले ती घ्यावी, तर त्या अवधीत येणारे चहा, फळे, आइस्क्रीम आणि दोन जेवणे हुकतात. ती घेण्यासाठी जागे राहावे, तर पलंगाचे पैसे वाया जातात. अर्थशास्त्रात एक गोष्ट निवडल्याने हुकलेल्या दुसरीच्या मोलाला संधी-खर्च म्हणतात, परंतु तो इतक्या तीव्रतेने, हातात न फोडलेली मोज्यांची पिशवी धरून, क्वचितच कोणी अनुभवला असेल. बहुधा वडील पलंगाची सर्व बटणे एकेकदा दाबून पाहतात, मांडी घालून त्यावर बसतात आणि आणलेला गूळपोळीचा डबा उघडतात.

मात्र ज्या ज्येष्ठांना मैलांचा आधार नाही, त्यांनी पडद्याचा प्रश्न केव्हाच स्वतःपुरता सोडवला आहे. इकॉनॉमीचे तिकीट काढताना व्हीलचेअरची मागणी नोंदवली की रांग टळते, चढण्याचा मान आधी मिळतो, इमिग्रेशनच्या खिडकीपर्यंत वाट दाखवणारा माणूस सोबत येतो, आणि हे सर्व तिकिटाच्याच दरात. गुडघ्यांनी खरोखर असहकार पुकारलेल्यांचा तो हक्कच आहे. शिवाजी पार्कला रोज पहाटे चार फेऱ्या मारणाऱ्यांचे गुडघे विमानतळाच्या दारातच का धरतात, हा वैद्यकशास्त्राचा विषय होय. न्यूयॉर्कला विमान टेकले की दाराबाहेर व्हीलचेअरची रांग लागलेली असते, आणि प्रवाशांना तिच्यात बसवण्यास सुरुवात बिझनेस क्लासपासून होते.