रुंद खांद्यांचे समीक्षाशास्त्र

मोबाइलच्या उभ्या पडद्यावर अंगठ्याने वर सरकवत वाचायच्या रंगीत चित्रकथेला वेबटून म्हणतात. दक्षिण कोरियात दाउम या संकेतस्थळाने २००३ मध्ये आणि नेवरने २००४ मध्ये तिला हक्काची जागा दिली, कांग फुल यांच्या ‘सुनजंग मान्ह्वा’ या प्रेमकथेने या प्रकारात दीर्घ कथाही तग धरू शकते हे आरंभीच दाखवून दिले, आणि २०१४ पासून नेवरच्या इंग्रजी आवृत्तीमुळे ती कोरियाबाहेरच्या, पर्यायाने पुण्या-नाशिकच्याही, अंगठ्यांपर्यंत पोचली. या साऱ्याची नोंद होत आली आहे. लेखिका, चित्रकार, कंपन्या आणि त्यांचे भागभांडवल यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. उपेक्षित राहिला तो फक्त मतधारी वाचक. मतधारी वाचक म्हणजे असा वाचक, की ज्याला कथेतील प्रत्येक पात्राविषयी, त्याच्या भांगापासून कुळशीलापर्यंत, ठाम मत असते आणि पुढच्या भागात ते खोटे ठरले तरी ज्याला ते बदलण्याचे कारण दिसत नाही, कारण चूक मताची नसून लेखिकेची असते.

या वाचकाचे सौंदर्यशास्त्र वरवर साधे वाटते. नायकाचे खांदे दारातून आडवे झाल्याशिवाय आत येऊ नयेत इतके रुंद असावेत, हनुवटी टोकदार असावी आणि घराण्याकडे निदान एक कंपनी असावी, ही त्याची किमान अट. एका कुटुंबाच्या ताब्यातील अवाढव्य उद्योगसमूहाला कोरियात चेबॉल म्हणतात, आणि प्रणयप्रधान वेबटूनांतील नायकांची संख्या पाहता असे उद्योगसमूह त्या देशात दर गल्लीत दोन असावेत असा कोणाचाही समज होईल. ‘व्हॉट्स राँग विथ सेक्रेटरी किम’ या कादंबरीवरून झालेल्या वेबटूनमधला उपाध्यक्ष ली यंग-जून स्वतःच्या रूपावर इतका लुब्ध आहे की प्रेमात पडायला त्याला दुसऱ्या माणसाची गरज भासू नये. त्याची सचिव किम मि-सो नऊ वर्षे त्याचे सर्व काही सांभाळून राजीनामा देते, तेव्हा कुठे तिच्यावाचून आपले पान हलत नाही हे त्याच्या ध्यानात येते. ‘बिझनेस प्रपोजल’मधली शिन हा-री मैत्रिणीच्या ऐवजी स्थळ पाहायला जाते आणि समोर बसलेला गृहस्थ, कांग ते-मू, तिच्याच कंपनीचा प्रमुख निघतो. मराठी वाचकाला कांदेपोह्यांचा कार्यक्रम परका नाही. परके वाटते ते एवढेच की तिथे मुलगी आपण नालायक ठरावे म्हणून जीव तोडून प्रयत्न करते आणि नेमकी त्यामुळेच पसंत पडते. प्रत्यक्षातल्या वरिष्ठाने शनिवारी दुपारी कामाचा संदेश पाठवला तर तो छळ असतो, आणि कपाळावर ओले केस आलेल्या कांग ते-मूने रात्री अकराला बोलावून घेतले तर ती काळजी असते, हा भेद मतधारी वाचकाला कोणी शिकवावा लागत नाही. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या काळातला वाद मराठीत पुरता निकाली निघाला नाही. या वाचकाने तो आपल्यापुरता मिटवला असून कला हनुवटीसाठी असते असा निर्णय दिला आहे.

त्याच्या नीतिशास्त्राचीही हीच तऱ्हा आहे. न्यूझीलंडच्या रेचेल स्माइथ यांनी २०१८ ते २०२४ या काळात चितारलेल्या ‘लोर ऑलिम्पस’मध्ये ग्रीक पुराणातला पाताळाचा राजा हेडिस आणि वसंताची देवी पर्सेफोनी यांची कथा आधुनिक वेशात येते, तिला आयझनर हा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि त्याहून मानाचे म्हणजे तिच्यावरून वाचकांत वर्षानुवर्षे भांडणे झाली. पर्सेफोनी एकोणीस वर्षांची आणि हेडिसने दोन हजार वर्षे केव्हाच ओलांडलेली. एवढे अंतर कोणत्या पत्रिकेत जुळते, हा प्रश्न वाचकांच्या एका पक्षाने तळमळीने मांडला, आणि देवांना वय नसते असे दुसऱ्याने तितक्याच तळमळीने बजावले. तळमळ खरी होती यात शंका नाही. ती नायकाच्या निळ्या कातडीकडे आणि बेतशीर शिवलेल्या सुटाकडे पाहून अधूनमधून मावळत होती, एवढीच नोंद अभ्यासकाने करायची.

आता रोफानकडे वळावे लागेल, कारण मतधारी वाचकाचे खरे साम्राज्य तिथे आहे. रोफान म्हणजे कल्पित साम्राज्याच्या पार्श्वभूमीवर घडणारा प्रणय, ज्यात राजवाडे युरोपसारखे, शिष्टाचार कुठलेच नसल्यासारखे आणि चहापान अखंड असते. उत्तरेचा ड्यूक हे या प्रांतातील ठरीव पात्र: बर्फाळ सरहद्दीवर लढलेला, काळ्या केसांचा, शत्रूंना निर्दय आणि एका वर्षाच्या करारावर लग्न केलेल्या बायकोशी बोलताना मात्र कान लाल होणारा. नायिका या जगात तीन मार्गांनी येते. मरून स्वतःच्याच भूतकाळात परतते, दुसऱ्या कोणाच्या देहात शिरते, किंवा नव्याने जन्म घेते. या तिन्हींची आद्याक्षरे जुळवून कोरियन वाचकांनी ‘हुए-बिंग-ह्वान’ असा एकच शब्द रूढ केला आहे. मरणाचे कारण बहुधा अर्ध्या पानात आटोपते. पुढे जे घडते ते मात्र जागतिक वाङ्मयाच्या इतिहासात लक्षणीय आहे, कारण नायिका ज्या जगात जागी होते ते पुष्कळदा तिने पूर्वी वाचलेले पुस्तक किंवा खेळलेला खेळ असतो. ‘हू मेड मी अ प्रिन्सेस’मधल्या अथनासियाला ठाऊक असते की मूळ कादंबरीत आपला बाप, सम्राट क्लॉड, आपल्याला अठराव्या वर्षी मारणार आहे, ‘डेथ इज द ओन्ली एंडिंग फॉर द व्हिलनेस’मधली पेनेलोपी अशा खेळात अडकते की ज्यात तिच्या वाट्याला खलनायिकेचे पात्र आले आहे. थोडक्यात, इथली नायिका म्हणजे मूळ पुस्तकाविषयी ठाम मते असलेली वाचकच होय. कथानकातील दोष तिला आधीपासून माहीत असतात, मूळ नायिका तिला मनापासून आवडलेली नसते, आणि आत शिरताच ती साऱ्याची दुरुस्ती हाती घेते. टीकाकाराला थेट राजकन्यापद देण्याइतके औदार्य कोणत्याही अकादमीने आजवर दाखवलेले नाही.

हे औदार्य निष्काम नव्हे. अन्याय, गैरसमज आणि नायिकेचे मौन लांबत गेले की कोरियन वाचक त्या भागाला ‘गोगुमा’, म्हणजे रताळे, म्हणतात, कारण उकडलेले रताळे पाण्यावाचून खाल्ले तर घशात बसते. आणि खलनायिकेच्या श्रीमुखात एकदाची बसली की ‘साइदा’, म्हणजे तिकडचे लिंबाच्या चवीचे सोड्याचे पेय, प्यायल्याचे समाधान जाहीर करतात. एकादशी पाळणाऱ्या मराठी वाचकाला यातले काही समजावून सांगावे लागू नये. काकाओ कंपनीने २०१४ मध्ये अशी पद्धत रुळवली की ठरावीक वेळ थांबले तर पुढचा भाग फुकट उघडतो आणि थांबवत नसेल तर पैसे मोजून लगेच उघडता येतो. इतरांनीही नाण्यांचे, कुकींचे असे नाना व्यवहार सुरू केले. भाग कुठे तोडायचा हे त्यामुळे आपोआप ठरले. थप्पड मारण्यासाठी हात उचललेला असतो, पडदा पांढरा होतो आणि भाग संपतो. रताळे फुकट, सोडा विकत. जिला मौनाचा, संशयाचा, उशिराचा काही अर्थ सांगायचा होता त्या लेखिकेला दोन-तीन भागांतच वाचकांचा घसा बसल्याच्या तक्रारी ऐकू येतात, ती पुढच्या कथेत थप्पड लवकर आणते, त्यापुढच्या कथेत पहिल्याच भागात आणते, आणि मग तोच वाचक हल्लीची सारी वेबटूने एका साच्यातली असतात असे खेदाने म्हणतो. त्याचा खेदही प्रामाणिक असतो. साचा कोणाच्या मापाचा आहे, हे त्याला कोणी विचारीत नाही.

‘द रीमॅरिड एम्प्रेस’चा दाखला येथे टाळता येत नाही. आल्फाटार्ट यांच्या या कथेची सुरुवातच घटस्फोटाच्या दरबारात होते. सम्राज्ञी नाव्हिए घटस्फोट शांतपणे मान्य करते आणि त्याच श्वासात शेजारच्या राज्याच्या हाइनरीशी पुनर्विवाहाची परवानगी मागते. रताळ्यापूर्वी सोडा वाढण्याचा हा बेत वाचकांना फार रुचला. त्यानंतर कथा मागे जाते आणि सम्राट सोविएशूने शिकारीच्या रानातून आणलेली, पळून आलेली गुलाम मुलगी राश्ता समोर येते. राश्ताविषयीची मते हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. विवाहित पुरुषाने घरी रखेल आणून ठेवली, पत्नीला वांझ समजून दूर लोटले, तिच्याशी खोटेपणा केला. या सर्वाचा राग काढण्यासाठी वाचकांनी एकमताने निवडलेली व्यक्ती म्हणजे राश्ता. ती कोणाची मालमत्ता म्हणून वाढली, तिला नकार देण्याची सोय होती काय, असे विचारणारा एक अल्पसंख्य पक्ष आहे, पण त्याचे म्हणणे कोलाहलात बुडून जाते. सोविएशूची व्यवस्था वेगळी लागली. पश्चात्तापाने झुरणाऱ्या नायकांचा एक वर्गच कोरियन वाचकांनी मानला आहे, त्यात त्याला गौरवाचे स्थान मिळाले, आणि त्याचे रडवेले डोळे इतके सुरेख रेखाटलेले निघाले की अनेक कठोर न्यायाधीशांनी शिक्षेत सूट देण्याचा विचार केला. राश्ताच्या डोळ्यांतले पाणी मात्र ढोंग ठरले. चित्रकाराची रेघ दोघांसाठी सारखीच होती.

वाचकसत्तेचा कळस मात्र ‘चीज इन द ट्रॅप’ने पाहिला. सुनक्की यांची २०१० ते २०१७ पर्यंत चाललेली ही मालिका प्रणयकथेच्या वेशातली भयकथाच म्हणावी अशी आहे: विद्यापीठातली कष्टाळू होंग सल, आणि सर्वांशी गोड वागणारा तिचा वरिष्ठ यू जंग, ज्याच्या हास्याखाली काय दडले आहे याची खात्री तिला नाही, वाचकाला नाही आणि कदाचित त्याला स्वतःलाही नाही. मनात संशय ठेवून प्रेम करणे म्हणजे काय, हे इतक्या बारकाईने मांडणारी दुसरी वेबटून सापडणे कठीण. तिच्यावर दूरचित्रवाणी मालिका निघणार असे कळताच कोणती भूमिका कोणी करावी, कोणी करू नये, नटीचे केस किती कुरळे असावेत यावर वाचकांनी एवढा काथ्याकूट केला की कोरियात त्यांना या कथेच्या सासवा असे नावच पडले. २०१६ मध्ये मालिका आली. शेवटाकडे यू जंगचे प्रसंग आक्रसले आणि पियानो वाजवणाऱ्या पेक इन-होचे वाढले, तेव्हा सासवांनी घर डोक्यावर घेतले. त्यांचे म्हणणे रास्त होते, हे येथे नमूद केले पाहिजे. ज्या पात्राच्या गूढावर कथा उभी आहे त्यालाच बाजूला सारण्याची चूक मालिकेने केली आणि ती व्यावसायिक समीक्षकांच्या आधी सासवांनी ओळखली.

पेक इन-होचे नाव निघाले की उपनायकाचा प्रश्न येतोच. उपनायक म्हणजे नायिकेवर नायकाहून आधी, अधिक किंवा निदान अधिक समजूतदारपणे प्रेम करणारा आणि तिला न मिळवणारा पुरुष. याओंगी यांच्या २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रू ब्यूटी’त मेकअपने रूप पालटणाऱ्या जु-ग्यंगभोवती अबोल सु-हो आणि मोटरसायकलवरचा सो-जुन उभे राहिले आणि वाचकांचे दोन तट पडले, २०२० च्या डिसेंबरात सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेने सु-होच्या पारड्यात माप टाकले, तेव्हा सो-जुनच्या पक्षाने सुतक पाळले. या पक्षाची मागणी नीट तपासली असता असे दिसते की त्याला सो-जुन जिंकायला नको असतो. जिंकलेल्या उपनायकाला नायकाची कामे करावी लागतात: गैरसमज करून घेणे, परदेशी निघून जाणे, विमानतळावर धावत येणे. त्याचे मोठेपण पावसात छत्री नायिकेच्या हाती देऊन स्वतः भिजत जाण्यात असते, आणि तेवढ्याच मोबदल्यात त्याला वाचकाचे संपूर्ण हृदय मिळते, जे नायकाला दीडशे भागांतही पुरते मिळत नाही.

लेखिका यावर तोड म्हणून मुख्य कथा संपल्यावर काही पुरवणी भाग देतात. त्यांत नायक-नायिकेला बापाचेच डोळे घेतलेले मूल होते, खलनायिकेची खुशाली एका चौकटीत कळते, आणि उपनायकाला नायिकेची मैत्रीण किंवा अचानक उगवलेली एखादी सहकारी मिळते. मतधारी वाचक हे भाग आगाऊ पैसे भरून वाचतो आणि ती मुलगी त्याच्या लायकीची नाही असे मत देतो.