स्वीकाराचे घटक आणि बुधवारची रात्र

(स्थळ : विद्यापीठाच्या ग्रंथालयाबाहेरील कट्टा. पात्रे : प्रश्नावलीचा गठ्ठा घेऊन बसलेले संशोधक आणि मोबाईलवर व्याख्यान दुप्पट वेगाने ऐकणारा विद्यार्थी.)

संशोधक : माणसे नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात, याचे विवेचन फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये 'उपयुक्ततेची जाणीव', म्हणजे एखाद्या साधनाने काम सुधारेल हा समज, आणि 'सुलभतेची जाणीव', म्हणजे ते वापरण्यास फारसे कष्ट पडणार नाहीत हा समज, यांच्या आधारे केले असून, २००३ मध्ये व्यंकटेश व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सामाजिक प्रभाव' आणि 'पूरक परिस्थिती' (साधने व मदत उपलब्ध असणे) यांनाही आपल्या प्रारूपात मानाचे पान दिले; तेव्हा 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरील अभ्यासक्रम निवडताना कोणता घटक प्रबळ ठरला, ते १ ते ५ या श्रेणीत सांगावे.

विद्यार्थी : सर, उपयुक्ततेला ५ द्यावेत, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तेथून करता येतात, आणि क्रेडिट गुणपत्रिकेत जमा होणार असले की सकाळी सातच्या तासाला धावत यावे लागत नाही.

संशोधक : ही उपयुक्तता ज्ञानाची की झोपेची?

विद्यार्थी : प्रश्नावलीत तसा भेद केलेला नाही.

संशोधक : (खूण करीत) आणि सुलभता?

विद्यार्थी : बोलत्या प्राध्यापकांना मध्येच थांबवून चहा पिऊन येण्याची सोय वर्गात आजवर कोणालाही लाभलेली नाही, शिवाय 'स्वयम्'वर अभ्यासक्रम चालवणाऱ्या एनपीटेलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वाधिक गुणांचे आठच स्वाध्याय धरले जात असल्याने उरलेले चार आठवडे सणावारांना देता येतात.

(या उत्तरासाठी जागा नसल्याने संशोधक समासात लिहू लागतात.)

संशोधक : सामाजिक प्रभाव, म्हणजे आपल्या मानण्यातल्या लोकांना जे योग्य वाटते ते करण्याकडे असलेला कल, कितपत जाणवला?

विद्यार्थी : स्वाध्यायाची मुदत बुधवारी रात्री ११.५९ ला संपते, अकरापर्यंत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चिटपाखरूही फिरकत नाही, सव्वाअकराला कोणीतरी "सातव्याचं 'ब' की 'क'?" असे विचारते, आणि पुढील पाऊण तासात जसा खल होतो, तसा विभागाच्या कोणत्याही चर्चासत्रात झाल्याची नोंद नाही.

संशोधक : यालाच सहाध्ययन म्हणावे काय?

विद्यार्थी : 'ब' बरोबर निघाले तर म्हणावे.

संशोधक : तरीही नोंदणी करणारे पुष्कळ आणि परीक्षेस बसणारे थोडे असे आढळते, म्हणजेच 'वर्तनाचा हेतू' आणि 'प्रत्यक्ष वापर' यांत तफावत राहते, ती कशामुळे?

विद्यार्थी : नोंदणी मोफत असते, मात्र प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे १,००० रुपये भरून केंद्रावर जाऊन बसावे लागते, तफावत एवढीच.

(संशोधक गठ्ठा आवरू लागतात.)

विद्यार्थी : सर, खगोलशास्त्रावरचा एक अभ्यासक्रम क्रेडिटशिवाय, परीक्षा न देता, साध्या वेगाने आणि शेवटपर्यंत ऐकला गेला आहे. त्याची खूण कोठे करावी?

संशोधक : ती 'आनंदप्रेरणा', म्हणजे केवळ गोडी वाटते म्हणून केलेला वापर, आणि तिचा समावेश २०१२ च्या सुधारित प्रारूपात झाला.

विद्यार्थी : मग या प्रश्नावलीत तो रकाना का नाही?

संशोधक : मार्गदर्शकांनी मंजूर केलेली प्रश्नावली २००३ च्या प्रारूपाची आहे, आणि प्रबंध सादर करण्याची मुदत या महिनाअखेरीस संपते.