गाभाऱ्यात गाय

पॅकेज मॅनेजरच्या कोअरमध्ये काय असावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. मी वापरतो ते असावं. बाकीच्यांचं सामान बाहेर काढावं, म्हणजे सॉफ्टवेअर कसं सुटसुटीत राहतं! अडचण एवढीच की प्रत्येक लिनक्सवाल्याचं नेमकं हेच मत आहे आणि प्रत्येकाची यादी वेगळी आहे.

आर्च लिनक्सचा 'पॅकमन' घ्या. पॅकेजं आणायची, बसवायची, काढायची, हे त्याचं काम. पण त्याच्याभोवती वर्षानुवर्षं मदतनीस स्क्रिप्टांचा गोतावळा जमत गेला. साठलेली जुनी पॅकेजं झाडणारी 'पॅककॅश'. मूळ डेटाबेसला धक्का न लावता नवे अपडेट आलेत का ते पाहून येणारी 'चेकअपडेट्स'. पॅकेजं पुरवणारा कोणता सर्व्हर, म्हणजे मिरर, वेगवान ते मोजणारी 'रँकमिरर्स'. सगळ्या गुणी, कामसू. 2018 साली पॅकमनची 5.1 आवृत्ती आली आणि या मंडळींना 'पॅकमन-कॉन्ट्रिब' नावाचं वेगळं बिऱ्हाड थाटून देण्यात आलं.

हे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मेन्टेनरची बाजूही समजून घेतली पाहिजे. स्क्रिप्ट लिहिणारा उत्साही तरुण असतो. ती कोअरमध्ये गेली की तो धन्य होतो, मग नोकरीला लागतो, लग्न करतो आणि दिसेनासा होतो. स्क्रिप्ट मात्र राहते, तिचे बगही राहतात, आणि रात्री अकराला ते निस्तरणारा माणूस भलताच असतो. त्यामुळे 'ही उपयोगी आहे का?' हा प्रश्न त्याच्या लेखी दुय्यम. 'हिला उद्या सांभाळणार कोण?' हा खरा.

तरीही पॅककॅशबद्दल मला वाईट वाटतं. अपडेट झाल्यावर जुनं पॅकेज डिस्कवर तसंच टाकून पुढे जातो तो पॅकमन. त्याच्याकडे स्वतःचा झाडू आहे, नाही असं नाही. पण तो फिरला की सध्या बसवलेलं तेवढं उरतं, बाकी सगळं साफ. 'मागच्या तीन आवृत्त्या असू देत, उद्या परत फिरायची वेळ आली तर?' हा पोक्तपणा पॅककॅशचा. म्हणजे पसारा करणारा आत आणि आवरणारी बाहेर. ही व्यवस्था संगणकाने शोधून काढलेली नाही, एवढंच म्हणतो.

डेबियनवाल्यांनी तर याहून पुढची मजल मारली. एखादी कमांड डिस्कवर कुठे आहे एवढंच सांगणारी 'विच' ही तिथली छोटीशी शेल स्क्रिप्ट. ती ज्या 'डेबियनयुटिल्स'मध्ये राहते, ते पॅकेज प्रत्येक डेबियनवर असतंच. 2021 मध्ये मेन्टेनरने ठरवलं की शेलमध्ये त्याच कामाची 'कमांड -व्ही' असताना हिची गरज काय? मग विच चालवली की 'मी आता कालबाह्य झाले आहे' अशी सूचना ती स्वतःच देऊ लागली. लोक खवळले. प्रकरण थेट डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे गेलं. निवाडा असा झाला की सूचना बंद करा, आणि पर्यायी सोय होईपर्यंत विचला हलवू नका.

एवढी काटेकोर तपासणी पाहून मला वाटलं, आत उरलेलं प्रत्येक अक्षर तावून सुलाखून घेतलेलं असणार. मग टर्मिनलवर डेबियनच्या पॅकेज मॅनेजरला 'एपीटी-गेट मू' अशी आज्ञा देऊन पाहिली. अक्षरांनी काढलेली एक गाय आली आणि 'आज हंबरलात का?' असं विचारती झाली. पॅकमनच्या सेटिंगमध्ये 'आयलव्हकँडी' असं लिहा, तर प्रगती दाखवणारी पट्टी जाऊन तिथे गोळ्या मटकावत निघालेला व्हिडिओ गेममधला पिवळा पॅकमन दिसतो. दोन्ही कोअरमध्ये. शंकराच्या देवळात नंदीसुद्धा गाभाऱ्याबाहेर बसतो. इथे गाय थेट आत!

यात मला गंमतीपेक्षा शहाणपण दिसतं. उपयोगी असलात की उपयोग सिद्ध करत बसावं लागतं. गायीला उपयोग विचारायचं मात्र कोणाच्या मनातही येत नाही. शिवाय तिला फार सांभाळावंही लागत नाही. माझी एखादी स्क्रिप्ट कोअरमध्ये घुसवायची वेळ आलीच, तर मी तिला आधी हंबरायला शिकवणार आहे.