मांडीवरचं तिकीट

लेकरू घेऊन घर प्रवासाला निघालं की घरातल्या एका माणसाच्या अंगात येतं. कुणाकडे तो मामा असतो, कुणाकडे कुणी न विचारता फोनवरून सूचना देणारी आत्या. आमच्याकडे, म्हणजे आदिलाबादला, ते माझे वडील, आबा. त्यांच्या अंगात यायला डफडं वाजावं लागत नाही. ३१ वर्षं आरटीसीत कंडक्टरकी केलेला माणूस. बॅगेची चेन सरकल्याचा आवाज पुरतो.

आबांचं खास शास्त्र म्हणजे लेकरांचं वय. पाच वर्षांच्या आत फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट. आणि निर्मलच्या रस्त्यावर पाच वर्षं पुरी झालेलं पोट्टं म्हणे आबांना कधी भेटलंच नाही. सगळी चार वर्षांची. आबा हुज्जत घालत नसत. वाकून म्हणत, "आ कर बेटा." पुढचे दुधाचे दात पडलेले दिसले की अर्धं तिकीट फाडून आईच्या हातात. "मायबाप खोटं बोलते, दात नाही बोलत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आजही लग्नकार्यात ते अनोळखी पोरांना जबडे उघडायला लावतात.

तर अशा माणसाला मी सांगितलं, की माझी लेक चिऊ साडेसात महिन्यांची झाली, आपण चार दिवस गोव्याला जाऊ. विमानानं.

पहिला आक्षेप धार्मिक होता. "लेकराचा पह्यला प्रवास कृष्णा एक्स्प्रेसनं, तिरुपतीले, जावळाले. गोव्याचं कोनतं नवसाचं देनं हाये आपल्यावर?" दुसरा भौगोलिक. आदिलाबादला निजामकाळची धावपट्टी आहे, प्रवासी विमान मात्र नाही. म्हणजे आधी नागपूर गाठा, दोनशे किलोमीटर. तिसरा आक्षेप मोपा आणि दाबोळी अशी दोन नावं कळल्यावर आला : "एका गावाले दोन डेपो? मंग उतरवनार कोन्या डेपोत, ते लिहून घे त्याहिच्याकडून."

पण खरा स्फोट तिकिटाचा झाला. दोन वर्षांखालच्या बाळाला विमानात वेगळी सीट नाही, मांडीवर घ्यायचं. पैसे मात्र पडतात. आबांनी तो आकडा मोबाइलवर तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला.

"मांडीवरच्या लेकराले तिकीट? मी असं तिकीट फाडलं असतं तं चेकिंगवाल्यानं मलेच घरी बसवलं असतं!"

पुढचे पंधरा दिवस जो घरी येईल त्याला ही कैफियत ऐकावी लागली. दूधवाला ऐकून गेला. शेजारच्या रेड्डीकाकूंना ती तेलुगूत ऐकवण्यात आली. वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला लागतो, हे कळल्यावर तर आबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र दाखला लॅमिनेट करून आणला, वर सहा झेरॉक्स.

विमान दुपारी चारचं. आबांची गाडी पहाटे साडेपाचला 'लागली'. भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरशेजारी ते बसले, मागे वळून मुंडकी मोजली आणि दारावर दोनदा थाप मारून म्हणाले, "रैट." पैनगंगेच्या पुलावर चिऊचे हात जोडून नदीला नमस्कार घडवला. पांढरकवड्याला घोषणा झाली : दहा मिनिटं थांबेल. ती कुणासाठी, कळलं नाही. गाडीत आम्ही पाचच होतो आणि त्यातली एक झोपलेली. आबांच्या खिशातल्या डायरीत नोंदी होत होत्या. 'पांढरकवडा ६:२५, लंगोट.' 'वडकी, दूध, थोडी उलटी.' 'जाम ८:५०, हसली.' आईनं वेखंड, ओवा, सहाण आणि बाळगुटीचं अख्खं दुकान एका थैलीत आणलं होतं, पण तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर आम्ही साडेदहाला. साडेपाच तास आधी. आबांना तेही उशिराच वाटलं.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "बाळाचं वय?" मी दाखला काढेपर्यंत आबांनी चिऊचा खालचा ओठ अलगद खाली ओढून तिच्या हिरड्या काचेसमोर धरल्या. "पाहून घ्या मॅडम, एक बी दात नाही." मुलीनं पाहिलं. तिनं आजवर बरेच पुरावे पाहिले असतील. बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते, तिथून ती सामानात जाते. आमची गेली तेव्हा तिच्या दांडीला लिंबू-मिरची बांधलेली होती. कधी बांधली, कुणालाच माहीत नाही. म्हणजे, माहीत होतं.

आत आमच्या रांगेतल्या तीन सीटांपैकी खिडकीजवळच्या सीटवर दुसऱ्याच एक ताई बाळ घेऊन बसल्या होत्या. हवाईसुंदरी आली आणि त्यांना मागच्या रांगेत जायची विनंती करू लागली. ताई हलेनात. आबांचे डोळे चमकले. सीटचा तंटा म्हणजे त्यांचा हातखंडा. पण ती मुलगी शांतपणे म्हणाली, "एका बाजूच्या तीन सीटवर ऑक्सिजनचे मास्क चार असतात. म्हणून तिथे मांडीवरचं बाळ एकच बसवता येतं."

ताई उठल्या. आबा मात्र वर, त्या बंद झाकणाकडे बघत राहिले.

"चौथा कोनाचा?"

"बाळाचा, काका."

बराच वेळ ते गप्प होते. मग सुनेच्या पट्ट्यात अडकवलेला बाळाचा छोटा पट्टा त्यांनी दोनदा ओढून पाहिला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "जागेचे नाही घेत ते पैसे. हवेचे घेते." तिकिटाचं प्रकरण तिथं निकाली निघालं.

उतरताना आजूबाजूची दोन-तीन बाळं कळवळून रडायला लागली. चिऊ रडली नाही, कारण आबांनी पाच मिनिटं आधीच फर्मान काढलं होतं : "सूनबाई, अंगावर घ्या. महबूब घाटात चढावर लेकरं हसते, उतारावर रडते. मी लय पाह्यलं." आमच्या बालरोगतज्ज्ञांनीही हेच सांगितलं होतं. विमान खाली येताना हवेचा दाब वाढतो, कानाची नळी चिकटते, बाळानं घोट गिळला की ती उघडते. एवढं शिकायला त्यांना वैद्यकीय महाविद्यालय लागलं. आबांना घाटातली वळणं पुरली.

गोव्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. समुद्र होता. चिऊनं वाळू खाल्ली. आबांनी किनाऱ्यावर दोन रशियन पोरांचे दात तपासले आणि त्यांच्या आईनं हसत तिसऱ्यालाही पुढं केलं.

आता त्या विमानाचा बोर्डिंग पास आमच्या बैठकीच्या टेबलावर काचेखाली आहे, चिऊचं नाव वर येईल असा. पाहुणा बसला, की आबा पाण्याच्या पेल्याआधी त्यावर बोट ठेवतात. "साडेसात महिन्यांची होती. तिकीट काढून गेली, फुकट नाही." रक्कम दर पाहुण्यागणिक शंभर-दोनशेनं वाढते आहे. परवा कुणीतरी विचारलं, "आन् तुमचं तिकीट कितीचं होतं आबा?" ते मात्र त्यांना आठवेना.