जांभळ्या कडेचा बंदोबस्त

कॅननची ३५ मिमी, एफ १.४ लेन्स १९९८ साली आली. वजन ५८० ग्रॅम. तिने निमूटपणे लग्नं काढली, मोर्चे काढले, बारशी काढली. दोष एकच: पूर्ण उघडली की आभाळापुढच्या फांद्यांना जांभळी कड यायची. आता ही कड नवऱ्यामुलीच्या आईला कधी दिसली नाही. पण फोटोग्राफर मंडळी फोटो चारशे टक्के मोठा करून पाहतात, त्यामुळे त्यांची झोप उडाली.

मग २०१५ साली दुसरी आवृत्ती आली. निळ्या प्रकाशाला वठणीवर आणणारा खास सेंद्रिय पदार्थ तिच्या भिंगांमध्ये बसवलेला. कड जवळपास गेली. लेन्स भरली ७६० ग्रॅम. म्हणजे कडेचं ओझं फोटोवरून उतरलं आणि थेट मानेवर आलं. तरीही जुनी विकून नवी घेणाऱ्यांनी शपथेवर सांगितलं, की फरक जमीन-अस्मानाचा आहे. एवढे पैसे मोजल्यावर तो दिसावाच लागतो!

२०२४ साली मिररलेस कॅमेऱ्यांसाठी तिसरी आली. वजन ५५५ ग्रॅम, पहिलीपेक्षाही हलकी. वाकडेपणा सरळ करायचं बरंचसं काम आता काचेऐवजी सॉफ्टवेअर करतं. लगेच शुद्धतावादी खवळले: हे कसलं भिंग, ही तर लबाडी! हे म्हणणारे तेच, जे नवरदेवाच्या गालावरचा पुरळ सॉफ्टवेअरनेच पुसतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात.