एका दिवसाचे तीन दिवस

पेट्रोल वाढते, भाडे वाढते, मुलांची फी वाढते. दिवस वाढलेला मात्र अजून कोणी पाहिला नव्हता. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 पाच वर्षे कपाटात पडून राहिली, 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाली आणि वर्ष सरता सरता तिच्या नियमांचा मसुदाही आला. अ‍ॅपवर राबणाऱ्याला लाभ हवे असतील तर त्याने आर्थिक वर्षात एका कंपनीसाठी 90 दिवस किंवा अनेक कंपन्यांसाठी मिळून 120 दिवस काम केलेले असावे. इथवर ठीक. पुढे मोजणीची रीत सांगितली आहे: एकाच दिवशी तीन कंपन्यांचे काम केले, तर ते तीन दिवस धरावेत.

पंचांगकर्त्यांनी आता गाशा गुंडाळावा. त्यांच्याकडे फार तर एखाद्या तिथीची वृद्धी होते, एखादीचा क्षय होतो, तीनेक वर्षांतून अधिक महिना येतो. आणि तेवढ्यासाठी बिचारे सूर्य-चंद्राची गणिते मांडत बसतात. इथे सूर्य एकदाच उगवतो आणि दिवेलागणीपर्यंत तीन वार उलटलेले असतात. सकाळी दुधाच्या पिशव्या पोचवल्या, सोमवार झाला. दुपारी कुणाची बिर्याणी, मंगळवार. संध्याकाळी मागच्या सीटवर सवारी बसवून स्टेशनला सोडली, बुधवार. चाळीस दिवसांत 120 भरले! मोबाइलमध्ये बारा अ‍ॅप असतील आणि रोज प्रत्येकाचे एक काम मिळाले, तर घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत वर्षाचा कोटा संपतो आणि गडी सोने लुटायला मोकळा. नशीब एवढेच, की वय या रीतीने मोजायचे नाही. साठी गाठली की पात्रता संपते, असेही मसुद्यात आहे. तिथेही तिप्पट धरली असती, तर विशीतली पोरे निवृत्त झाली असती. साठी मोजताना जुनेच कॅलेंडर भिंतीवर टांगले आहे.

तास मात्र कुठल्याच कॅलेंडरात नाहीत. त्या दिवशी कितीही कमावलेले असो, दिवस भरला. म्हणजे तीन अ‍ॅपवर एकेक पुडके पोचवून दुपारी घरी झोपलेल्याचे तीन दिवस. आणि एकाच कंपनीचा टी-शर्ट घालून, पाठीवर ती चौकोनी पेटी घेऊन, हिंजवडीच्या खड्ड्यांतून चौदा तास गाडी हाणणाऱ्याचा एक. तोच माणूस 89व्या दिवशी तुंबलेल्या रस्त्यावर घसरला, पाय मोडला, तर नव्वदावा दिवस प्लास्टरमध्ये भरत नाही. त्यात त्याचा आयडी ब्लॉक झाला, तर विचारायचे कुणाला? अ‍ॅपमधल्या त्या गोड बोलणाऱ्या बॉटला! या माणसाचे कंबरडे, त्याचे पेट्रोल, त्याचा पावसाळा मोजायची हिंमत कुणाला झाली नाही, म्हणून दिवस मोजायची ही चलाखी.

पैशांचा हिशेब त्याहून सुबक. कंपनीने वार्षिक उलाढालीचा 1 ते 2 टक्के भाग निधीत द्यायचा, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांपलीकडे नाही. म्हणजे पोरांना जेवढे कमी द्याल, तेवढी ही मर्यादाही खाली. कंजूष माणसाला पुण्य स्वस्त.

आणि आम्ही? भाषांतर करणारे, मुद्रितशोधक, लग्नाचे फोटो काढणारे, सदरे लिहिणारे. आमच्या डोक्यावर अ‍ॅप नाही, त्यामुळे या मोजणीत आमचा एकही दिवस नाही. एका सकाळी तीन ठिकाणांसाठी लिहिले, तरी ती एकच सकाळ. उलट मानधन विभागात हे गणित पाठीमागून चालते: तीन महिने उलटले की एक महिना झाला असे तिथे समजतात. फोन केला, तर ‘साहेब सहीला गेलेत’ हे उत्तर. टीडीएस मात्र न विसरता, पै-पैशासह कापलेला असतो. मार्चपासून सहीला गेलेले हे साहेब दिवाळी आली तरी परतलेले नाहीत, आणि त्यांचा पगार दर महिन्याच्या एक तारखेला होतो.